दोन फुटी भिंत आणि रशीदचाचांच्या कोठ्या

ऐक गं शुभांगी, फोन जरा स्पीकरवर ठेव. काल धुळ्याहून फोन करून अर्धा तास माझं डोकं खाल्लंस, आता थोडं माझं ऐकून घे. वायफायचा डबा तू टीव्हीच्या मागे कोंबला आहेस. त्यावर क्रोशाचा रुमाल. रुमालावर लग्नातला फोटो, तोही पितळी फ्रेमचा. आणि मला म्हणतेस, मावशी, आमच्या घराच्या भिंती फार जाड आहेत गं, म्हणून आतल्या खोलीत नेट येत नाही. बिचाऱ्या भिंतीवर आळ घेताना तुला काही वाटत नाही का?

वाटू नये म्हणा. मीसुद्धा घेतला होता. तीन दिवस घेतला होता, आणि तोही अशा तोऱ्यात की आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. ते सांगते. मग तुझ्या डब्याकडे वळू.

तुझ्या शेजारी बसून ऐकणाऱ्यांपैकी जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. आमचा धरणगावात केबल टीव्हीचा धंदा होता. हे खांबावर चढायचे, मी खाली वायरचं भेंडोळं धरून वर बघत उभी राहायची. वर बघून बघून मला सगळं कळायला लागलं. शाळा माझी सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण खांबाखाली. मग केबल गेली, इंटरनेट आलं, तेव्हा आमच्या यांनी हात टेकले. म्हणाले, हे आपल्याच्याने होणार नाही. मी म्हटलं, खांब तेच, गल्ल्या त्याच, माणसं तीच, फक्त वायरीतून काय वाहतं ते बदललंय. फायबर जोडायला शिकले, राउटर लावायला शिकले. आता हे घरी बसून ग्राहकांचे फोन घेतात आणि मी फिरते. गावात सगळे मला अक्का म्हणतात. शिव्या घालतानाही अक्काच म्हणतात, एवढं समाधान आहे.

तर संक्रांत होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मंगळवारी सकाळी नाझियाचा फोन आला. नाझिया म्हणजे रशीदचाचांची सून. रशीदचाचा म्हणजे आमच्या गावचे कोठ्या बनवणारे. वर्षाचं धान्य भरून ठेवायची पत्र्याची कोठी असते ना, ती. नवा गहू यायच्या आत सगळ्या घरांना कोठ्या हव्या असतात, म्हणून संक्रांत झाली की चाचांच्या घरी हातोड्या सुरू होतात, त्या थेट अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत.

"अक्का, आजच्या आज या," नाझिया म्हणाली. "माझं कामच जायची वेळ आलीय."

गेले. ही पोरगी एमकॉम झालेली. लग्नानंतर चार वर्षं घरात भाकरी थापत होती. मग तिने पुण्याच्या एका कंपनीचं घरून करायचं काम मिळवलं. दवाखान्यांना जे फोन येतात ते ही इथे बसून घेते. कोणाला कोणत्या डॉक्टरकडे, किती वाजता, ते लावून देते. सहा महिने छान चाललं होतं. आता पंधरा दिवसांपासून आवाज तुटत होता.

"समोरचा माणूस आजारी असतो हो अक्का," ती म्हणाली. "मी बोलते ते त्याला अर्धंच जातं. तो तिकडून हॅलो हॅलो करून फोन आपटतो. शनिवारी अकरा वाजता कंपनी एक तास माझी लाईन तपासणार आहे. पास झाली तर ठीक. नाहीतर पुण्याला येऊन ऑफिसात बसा, असं सांगितलंय."

पुण्याला कशी जाणार ती? मुलगी पहिलीत, सासूचे गुडघे गेलेले, नवरा अकील चाचांच्या हाताखाली. म्हणजे काम सुटणार, हे सरळच होतं.

चाचा दारातून पत्रा आत आणत होते. ते म्हणाले, "पुन्याले कसाले जावानं? फोनवर बोलनंच तर शे. मी बी दिनभर बोलस."

"तुम्ही गिऱ्हाइकाशी भांडता चाचा," मी म्हटलं. "ती पगारावर बोलते."

आता घर कसं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. धाब्याचं घर आहे. म्हणजे दगड-मातीच्या दोन फूट रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचं सपाट छप्पर. तीन खोल्या एकामागे एक. तिन्हींची दारं एका ओळीत. पुढच्या खोलीत चाचांचा कारखाना, तिथेच रस्त्यावरच्या खांबावरून आमची फायबर येते आणि तिथेच राउटर. मधल्या खोलीत तयार माल. मागच्या खोलीत नाझियाचं टेबल. तिला पुढे बसवता येत नव्हतं, कारण पुढे हातोडीचा आवाज. पत्रा ठोकताना जवळ उभं राहिलं तर स्वतःचं नाव ऐकू येत नाही. मागे मात्र त्या जाड भिंतींमुळे अगदी शांत.

मी भिंतीवर थाप मारली. धप्प आवाज आला. झालं, माझं निदान पक्कं.

"हे बघा चाचा," मी म्हटलं, "वायफाय म्हणजे उजेडासारखं असतं. दिसत नाही एवढंच. डब्यातून निघतं आणि चारी बाजूंना पसरतं. लाकूड असलं तर आरपार जातं. विटेची भिंत असली तर थोडं मरतं. दगड-मातीची दोन फुटी भिंत असली तर बरंचसं मरतं. आणि पत्रा असला तर विचारूच नका. पत्रा त्याला आत घेतच नाही, आल्या पावली परत पाठवतो."

शुभे, हे सगळं भाषण मी कोठीला टेकून केलं. मधल्या खोलीत. माझ्या डावीकडे कोठ्या, उजवीकडे कोठ्या, पाठीशी कोठ्या, एकावर एक रचून थेट तुळयांना भिडलेल्या. मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच नागमोडी वाट. आणि मी भिंतीकडे बोट दाखवत होते.

चाचांनी मान डोलावली. नाझियाने मान डोलावली. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. त्यांचं एक वेळ समजू शकते, त्यांचा जन्म पत्र्यात गेलाय. त्यांना कोठी दिसतच नाही, जशी आपल्याला आपल्या नाकावरची चष्म्याची दांडी दिसत नाही. पण मला काय धाड भरली होती?

मी पिशवीतून एक छोटा डबा काढला. रिपीटर म्हणतात त्याला. मोठ्या मांडवात पुढचं मागच्यांना ऐकू येत नाही, मग मधला एखादा उभा राहून तेच ओरडून सांगतो, तसा हा. पुढून आलेलं वायफाय पकडायचं आणि पुढे ढकलायचं. पण मधल्या माणसालाच ऐकू आलं नाही तर तो काय ओरडणार? हे मला त्या दिवशी सुचलं नाही. मी तो मधल्या खोलीत, चांगली उंच जागा बघून, कोठीच्या डोक्यावरच्या फटीत ठेवला.

बुधवारी नाझिया म्हणाली, "अक्का, आता तर व्हॉट्सॲपही उघडत नाही."

"मग एकच उपाय," मी म्हटलं. "भिंतीला भोक पाडायचं. बोटाएवढं. त्यातून वायर मागे न्यायची."

चाचांनी हातातली हातोडी खाली ठेवली. त्यांच्या घरात हातोडी खाली ठेवली म्हणजे विषय गंभीर.

"अक्का, ही भीत मन्हा बापनी बांधेल शे. हिले हात लावानं नही."

"बोटाएवढंच भोक हो."

"मागच्या वर्षी एसीवालाही बोटाएवढंच म्हणाला होता," नाझिया हळूच म्हणाली. "टोपलंभर माती पडली. अब्बा दोन दिवस लिंपत बसले होते."

"आणि एसी?"

"एसी मन्हा मेहुनाले दिधा," चाचा म्हणाले. "त्याना घरले विटनी भीत शे."

चाचांचं खरं होतं. माती-दगडाच्या भिंतीत ड्रिल घातलं की आतला एखादा दगड हलतो, मग दगडाच्या मागची माती सुटते, आणि भोक बोटाएवढं सुरू होऊन ताटाएवढं संपतं. पण मी घरी जाऊन यांच्यापुढे चाचांना हट्टी म्हणून घेतलं. हे म्हणाले, "तू कमी आहेस का?"

गुरुवारी मी मोबाईलमधलं मोजायचं ॲप घेऊन गेले. त्यात वायफायची ताकद उणे आकड्यात येते. उणे चाळीस म्हणजे कानाशी तोंड लावून बोलल्यासारखं. उणे सत्तर म्हणजे अंगणातून हाक. उणे पंच्याऐंशी म्हणजे नदीच्या पल्याडून कोणीतरी हात हलवतंय, बोलतंय की बोलावतंय ते कळत नाही. नाझियाच्या टेबलावर उणे अठ्ठ्याऐंशी होतं.

मापं घेतली, वहीत लिहिली आणि पुढच्या ओट्यावर चहा घेत बसले. तेवढ्यात पहूरच्या एका दुकानदाराचा टेम्पो आला. त्याला दोन कोठ्या हव्या होत्या. अकील आणि कारागिरांनी मधल्या खोलीतून दाराजवळच्या दोन काढल्या, टेम्पोत चढवल्या. आणि मागून नाझियाची हाक आली.

"अक्का! आलं! एकदम साफ आवाज येतोय. काय केलं तुम्ही?"

आता खरं सांगू का तुला? मी चहा पीत होते. बशीतला. पण माझ्या तोंडून काय निघालं असेल? "बघ, सांगितलं नव्हतं, होईल म्हणून." आणि चाचांनी माझ्यासाठी आणखी अर्धा कप मागवला.

तो अर्धा कप संपायच्या आत कारागिरांनी दोन नव्या कोठ्या नेऊन त्याच जागी ठेवल्या. पुन्हा मागून आवाज. "अक्का, गेलं."

मी कप खाली ठेवला. टेम्पोकडे बघितलं. मग मधल्या खोलीकडे बघितलं. मग उठले आणि मोबाईल हातात धरून चालत गेले. पुढच्या खोलीत उणे बेचाळीस. दारात उणे पन्नास. भिंत अजून शेजारीच होती, दोन फुटांची, धडधाकट. पहिल्या कोठीच्या मागे पाऊल टाकलं आणि आकडा धाडकन उणे ऐंशीच्या खाली गेला.

"नाझिया, हे आवाज तुटणं कधीपासून म्हणालीस?"

"संक्रांतीनंतर."

"आणि चाचा, माल रचायला कधी लागता?"

"संक्रांतनंतर," चाचा म्हणाले.

सहा महिने वायफाय भिंतीतून जातच नव्हतं. तिन्ही दारं एका ओळीत होती, ते दारादारांतून सरळ चालत मागे जात होतं, पाहुण्यासारखं. संक्रांतीनंतर आम्ही त्याच्या वाटेत पत्र्याची दुसरी भिंत उभी केली, आणि बोल बापाच्या भिंतीला लावला. ती भिंत काय संक्रांतीला बांधली होती? तिथेच तर होती, चाचांच्या वडिलांपासून.

"म्हणजे मन्ह्या कोठ्या," चाचा म्हणाले.

"तुमच्या कोठ्या," मी म्हटलं. "आणि माझी अक्कल. दोन्ही आडव्या."

त्यांनी हसावं म्हणून म्हटलं, पण ते हसले नाहीत. सूनबाईकडे न बघता म्हणाले, "मंग काय धंदा बंद करू?" नाझियाने पुढ्यातला हेडफोन उचलला आणि वायर गुंडाळायला लागली. मला ते बघवलं नाही. एका घरात दोन पोटं भरणारी कामं, आणि एकाच्या वाटेत दुसरं.

मी म्हटलं, कोठ्या हलवायच्या नाहीत, फक्त दारांच्या ओळीत एक सरळ गल्ली मोकळी सोडा. चाचांनी लगेच सोडायला लावली. संध्याकाळपर्यंत नाझियाचं काम झकास चाललं. शुक्रवारी सकाळी जाऊन बघते तर गल्ली भरलेली. अकीलला विचारलं तर म्हणाला, "अक्का, हात आपोआप तिथेच ठेवतो. उचलून आणलं की पहिली मोकळी जागा तीच दिसते." त्याचं काय चुकलं? वर्षानुवर्षांची सवय. आणि अखाजीपर्यंत रोज माल येणार. रस्त्यावर ठेवला तर गल्ली बंद, दुसरी जागा नाही.

म्हणजे पुन्हा वायरच. हवेतून जाणाऱ्याला पत्रा अडवतो, वायरीतून जाणाऱ्याला अडवत नाही. लॅन केबल मागच्या खोलीपर्यंत न्यायची आणि तिथे ॲक्सेस पॉइंट लावायचा, म्हणजे दुसरा छोटा राउटर, वायरीतून आलेलं तिथल्या तिथे हवेत सोडणारा. पण न्यायची कुठून? जमिनीवरून नेली तर कोठ्या घासटून पहिल्याच दिवशी कापली जाणार. भिंतीला हात लावायचा नाही. मी डोक्याला हात लावून नाझियाच्या टेबलाशी बसले.

तेव्हा तिला एक फोन आला. चाचा दारात उभे होते. पलीकडे कोणी म्हातारी असावी. नाझिया शांतपणे सांगत होती, "आजी, उद्या सकाळी या, उपाशीपोटी या." आवाज तुटला. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा म्हातारीचा आवाज तेवढा आला, "बाई, माझ्याशी नीट बोल ना गं." आणि फोन बंद.

चाचांनी वर बघितलं.

"अक्का," ते म्हणाले, "वरून गई ते?"

धाब्याच्या घराला खिडक्या कमी. उजेडासाठी प्रत्येक खोलीच्या छपराला मधोमध एक भोक ठेवलेलं असतं. पावसाचं पाणी येऊ नये म्हणून त्यावर जरा उचललेली टोपी असते. आणि त्या घरातल्या टोप्या कोणी केलेल्या? चाचांनीच, पत्र्याच्या. मी चार दिवस त्या भोकांच्याच उजेडात फिरत होते.

"चाचा," मी म्हटलं, "हे मंगळवारी का नाही सांगितलं?"

"तू इचारं का? तू ते भाषण दी ऱ्हायंती."

मग चाचांनी काम हातात घेतलं. दोन नव्या टोप्या केल्या, कारण वायर पुढच्या भोकातून वर जाणार आणि मागच्या भोकातून खाली उतरणार. पत्र्याच्या कडेला खाली वाकवलेली चोच काढली, वायर तिच्यातून बाहेर येईल पण पाणी आत जाणार नाही अशी. मी म्हटलं, वर ऊन फार, खारीही फार, केबलचं प्लास्टिक टिकायचं नाही. त्यांनी पत्र्याची लांब नळी वळली, वायर तिच्यात घातली. अकील धाब्यावर चढला. मी खाली उभी राहून वर बघत, डावीकडे, अजून डावीकडे, असं सांगत होते. म्हणजे माझं जुनंच काम. दोन्ही टोकांना कनेक्टर मी दाबले. दिवस मावळायच्या आत नाझियाच्या टेबलावर उणे एकोणचाळीस होतं.

शनिवारी अकराला पाच मिनिटं असताना कंपनीच्या आयटीवाल्याचा फोन आला, नाझियाने तो माझ्या हातात दिला.

"मॅडम, तुमच्याकडचे टेक्निशियन कोण आहेत?"

"मीच," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे इंजिनियर?"

"तोही मीच. बोला."

त्याने काही सेटिंग विचारल्या, मी सांगितल्या. मग तपासणी सुरू झाली. नाझिया एकामागून एक फोन घेत होती. मी भिंतीला टेकून, यावेळी खरोखर भिंतीलाच, बसले होते. पाच-दहा मिनिटांनी मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. कशाचा तरी अभाव. उठून पुढे गेले. कारखान्यातले सगळे कारागीर ओट्यावर बसले होते. एकही हातोडी चालत नव्हती. मध्ये चाचा, मांडीवर हात ठेवून, मुक्याने बसलेले. ऐन हंगामात.

"काय झालं?" मी विचारलं.

"चहानी सुट्टी दिधी," ते म्हणाले.

"तासभर?"

"पोरगीनी परीक्षा शे ना," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

मागच्या खोलीत हातोडीचा आवाज जातच नाही, हे त्यांना माहीत होतं. मलाही. मी आतून चहा मागवला.

बारा वाजता नाझिया बाहेर आली. हेडफोन गळ्यातच होता. "पास," एवढंच म्हणाली. मग तिने सासऱ्यांकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. चाचा उठले आणि कारागिरांवर ओरडले, "बठ्ठा दिन बठी ऱ्हातस का?" हातोड्या सुरू झाल्या. तो आयटीवाला पुन्हा फोनवर आला, म्हणाला, "मॅडम, इतकी स्टेबल लाईन आमच्या पुण्याच्या ऑफिसातही नाही. कोणती सिस्टम लावलीत?"

"पत्र्याची टोपी," मी म्हटलं. त्याने फॉर्मवर काय लिहिलं कोण जाणे.

तेव्हापासून मी एक शिकले, शुभे, आणि हेच तुझ्यासाठी आहे. काही बिघडलं की काय बिघडलं ते नंतर विचारायचं. आधी विचारायचं, घरात नवीन काय आलं? जुनं आहे ते सहसा बिघडवत नाही, ते बिचारं वर्षानुवर्षं चालूच असतं. तू काल बोलता बोलता म्हणालीस की दिवाळीला तू आरशाचं लोखंडी कपाट घेतलंस. कुठे ठेवलंस, ते मी विचारलं नाही. मला कळलं.

आधी डबा टीव्हीमागून काढ. रुमाल धुवायला टाक. फोटो दुसरीकडे लाव, जावईबापू रागावणार नाहीत. कपाट तीन फूट डावीकडे सरकव आणि मला आकडा कळव. उणे साठच्या वर आला नाही तर अखाजीची वाट बघू नकोस, त्याआधीच ये. उन्हं वाढायच्या आत ये, म्हणजे बिबड्यांचं, आपल्या ज्वारीच्या पापडांचं, गरम पीठ तेल घालून खाता येईल, लहानपणी खायचीस तसं. चाचांकडे तुझ्या नावाची एक कोठी सांगून ठेवली आहे, ती न्यायला तरी तुला यावंच लागेल. घरी नेल्यावर ती कुठे ठेवायची, ते मात्र मी सांगणार.